आजपासून गाय आटवावी

“आठ दिवस द्या, अप्पा. हेच मशीन पळवून दाखवते,” मेघना मखरे पशुपैदास संघाच्या इंदापूर केंद्रातल्या कॉम्प्युटरवर हात ठेवून म्हणाली.

अप्पा म्हणजे संघाचे अध्यक्ष. ते बारामतीहून जीप घेऊन आले होते ते मशीन उचलून न्यायलाच. सोबत दोरी आणि दोन गाद्याही आणल्या होत्या, म्हणजे बेत पक्का होता. शहाण्णव सालचा जून होता. संघाचं काम म्हटलं तर साधं होतं. दोन तालुक्यांतल्या गायी भरवायच्या, म्हणजे गाभण करवायच्या, आणि कोणती गाय कधी भरली, कधी आटवायची, कधी विणार, याची नोंद ठेवायची. त्यासाठी दोन कॉम्प्युटर होते, एक बारामतीला आणि एक इंदापूरला. बारामतीकडच्या गायींची मूळ नोंद तिकडे आणि नक्कल इंदापूरला. इंदापूरच्या गायींचं बरोबर उलटं. रोज दुपारी दोन वाजता दोन्ही मशीनं टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांना दिवसभराची हकिकत सांगत. एक जळालं तरी दुसऱ्याच्या पोटात सगळं सापडावं, असा हिशोब.

पण गायी वाढल्या आणि मशीनची मेमरी होती तेवढीच राहिली. एका गायीची नोंद उघडायला इतका वेळ लागे, की शिपाई दत्तोबा गायीचा नंबर ऐकून स्टोव्हवर चहा ठेवत आणि चहा गाळून आणेपर्यंत पडद्यावर गाय अर्धीच आलेली असे. तेव्हा इंदापूरचं मशीन बंद करावं आणि सगळं बारामतीला न्यावं, असं अप्पांच्या मनानं घेतलं होतं. मेघनाला ते पटणारं नव्हतं. ती इंदापूरची. डिप्लोमा करून गावातच खुर्चीवर बसलेली घरातली पहिली मुलगी. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मशीन हरलं असं कुणी म्हटलं, की तिला ते स्वतःला म्हटल्यासारखं लागायचं.

“आठ दिवस,” अप्पा म्हणाले. “नवव्या दिवशी ही दोरी परत येणार.”

मेघनानं प्रोग्रामबरोबर आलेलं विटेएवढं जाड पुस्तक घरी नेलं आणि चार दिवसांत वाचून काढलं. तिला दोन चोर सापडले. पहिला चोर मेमरीतला. लागो न लागो, प्रोग्राम जुन्या भाकड गायींच्या नोंदी पोटाशी धरून बसायचा. तिनं त्याला ती सवय सोडायला लावली. दुसरा चोर म्हणजे लॉग.

लॉग ही मशीनची कच्ची वही. कुठलीही नोंद आली की मशीन आधी ती लॉगमध्ये लिहायचं, डिस्कवर कर्रकर्र करत, आणि मगच पक्क्या नोंदीला हात घालायचं. मधेच लाइट गेली, तर परत सुरू होताना ते लॉग वाचून राहिलेलं काम पुरं करायचं. दर शनिवारी सगळं पक्क्या नोंदीत उतरलं आहे ना हे तपासून जुना लॉग पुसून टाकायचं. त्या पुसापुशीत शनिवारचे दोन तास जात.

मेघनानं ठरवलं, की प्रत्येक नोंदीसाठी डिस्कवर धावायची गरज नाही. नोंदी मेमरीत साठू द्यायच्या आणि शंभर झाल्या की एकदम लिहायच्या. बाजाराला माणूस रोज जात नाही, आठवड्याचं एकदम आणतो, तसं. आणि शनिवारची पुसापुशी तर तिनं बंदच करून टाकली. डिस्कवर जागा होती. जुना लॉग पडून राहिला तर कुणाचं काय खात होता?

नवव्या दिवशी अप्पा आले. मेघनानं एका गायीचा नंबर दाबला. दत्तोबांचा हात काडेपेटीकडे गेला होता तो तिथंच थांबला. गाय पडद्यावर उभी होती, बापाच्या नंबरासकट.

“आता च्या कवा ठिवायचा?” दत्तोबांनी काळजीनं विचारलं.

अप्पा दोरी तशीच घेऊन परत गेले. नाराज फक्त युवराज होता. युवराज बारामतीचं मशीन सांभाळायचा. स्वभावानं इतका सावध, की कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारा. त्यानं फोन केला.

“मेघना, तुझ्या नोंदी मला तीन-तीन दिवसांनी मिळतायत. मशीन फक्त डिस्कवर लिहिलेलं पाठवतं, माहितीय ना? मधे लाइट गेली तर माझ्याकडंही काही नसणार.”

“यूपीएस आहे.”

“तो डबा आहे. त्यात बॅटरी आहे का, बघितलंस का कधी?”

मेघना हसली आणि तिनं फोन ठेवला. बघितलं मात्र नाही.

आता त्या कार्डांबद्दल सांगायला हवं. गाय विण्याच्या दोन महिने आधी तिचं दूध काढणं हळूहळू बंद करावं लागतं, त्याला आटवणं म्हणतात. ती वेळ आली की मशीन आपसूक एक पोस्टकार्ड छापायचं: ‘आपली गाय क्रमांक अमुक आजपासून आटवावी.’ कार्डावर तारीख छापलेली नसे; दत्तोबा त्यावर त्या दिवसाचा शिक्का मारून टपालात टाकत. सुरुवातीला लोक हसले. पण निमगावचे गेणबा एकदा कार्ड खोटं ठरवून दूध काढत राहिले आणि गाय कार्डातल्या हिशोबाप्रमाणे व्यायली, वासरू मात्र अशक्त निघालं. तेव्हापासून तालुक्यात संघाच्या कार्डाला तहसीलदाराच्या हुकुमाइतका मान होता.

आठ महिने सुखात गेले; लाइट थोडा वेळ गेली, तरी यूपीएसनं कशीबशी निभावली. फेब्रुवारीत अप्पांनी मेघनाला बारामतीला बोलावलं. बाहेरच्या चार संघांचे लोक येणार होते आणि जुनं मशीन कसं पळवावं, हे तिनं त्यांना सांगायचं होतं. सोमवारी सकाळी ती कोऱ्या साडीत निघाली, तेवढ्यात लाइट गेली. यूपीएसनं एकदा ‘टीं’ केलं आणि मान टाकली. पंधरा मिनिटांनी लाइट आली, मशीन सुरू झालं आणि पडद्यावर आलं: लॉग वाचत आहे.

“वाचू दे त्याला,” मेघना दत्तोबांना म्हणाली. “राहिलेलं काम पुरं करून घेईल. प्रिंटरमध्ये कार्डं संपली तर तेवढी घालत जा मामा. माझी एसटी चुकेल.”

बारामतीच्या सभेत ती तासभर बोलली. फळ्यावर मेमरीचे चौकोन काढले, लॉगचा बाण काढला. शेवटी ती म्हणाली, “मशीनला रोज उठून सगळं लिहायला लावू नका. त्याच्यावर विश्वास ठेवा.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेत युवराज हाताची घडी घालून बसला होता.

संध्याकाळी ती इंदापुरात परतली, तर दत्तोबा केंद्राच्या पायरीवर बसले होते. दोन्ही हात कोपरापर्यंत शिक्क्याच्या शाईनं जांभळे. चेहऱ्यावर मुलीचं लग्न पार पाडल्याचं समाधान.

“मॅडम, आज मशीननं काम केलं बगा. दम म्हून खाल्ला न्हाय. मीबी न्हाय खाल्ला.”

“काय काम केलं?”

“कार्डं. सहाशे अकरा. समद्यांवर आजचा शिक्का मारला आन् चारच्या टपालात घातली. पोस्टमास्तर म्हनला, दत्तोबा, विलेक्शन हाय का काय.”

मेघनाला सगळं एकदम समजलं. लॉग आठ महिन्यांत पुसलाच नव्हता, म्हणून मशीननं तो पहिल्या पानापासून वाचला होता. त्यात जिथं जिथं ‘कार्ड काढलं’ असं लिहिलं होतं, तिथं तिथं त्यानं प्रामाणिकपणे पुन्हा कार्ड काढलं होतं. मागच्या जूनपासून आटवलेल्या प्रत्येक गायीला आजच्या तारखेनं हुकूम गेला होता, की आजपासून आटवावी. त्यातल्या बहुतेक गायी विऊन मोकळ्या झाल्या होत्या आणि भर दुधात होत्या.

ती पोस्टात पळाली. टपालाची गाडी गेली होती. आणि मशीनमधल्या गेल्या तीन दिवसांच्या अठ्ठ्याऐंशी नोंदी मेमरीतच होत्या, त्या लाइटीबरोबर गेल्या, हे तिला रात्री ताटावर बसल्यावर आठवलं.

मंगळवारी काही झालं नाही. बुधवारी कार्डं पोहोचली. गुरुवारी सकाळी संकलनाचं दूध पाव भागानं कमी आलं, शुक्रवारी निम्म्यावर. डेअरीवाल्यांना वाटलं तालुक्यात रोग आला. त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं, डॉक्टरांनी अप्पांना आणि अप्पांनी मेघनाला.

“काय भानगड हाय?” अप्पांनी फोनवर विचारलं.

दत्तोबांचं नाव सांगता आलं असतं, यूपीएसचं सांगता आलं असतं. मेघना म्हणाली, “चूक माझी आहे अप्पा. मीच लॉग पुसणं बंद केलं होतं.” आणि तिनं सगळं सांगितलं.

अप्पा म्हणाले, “तुला मशीन पळवाया सांगितलं व्हतं पोरी. तू तालुका पळवलास.”

“मी निस्तरते.”

“किती दिवस पायजेत?” यावर मेघनानं पहिल्यांदाच आकडा सांगितला नाही. ती म्हणाली, “जीप पाहिजे आणि भोंगा.”

जीप केंद्राबाहेर पडायच्या आधीच दारात द्वारकाबाई उभ्या होत्या. शेजारच्याच वस्तीवर त्यांचा गोठा. त्या ओरडल्या नाहीत, तेच मेघनाला जास्त लागलं.

“बाय, कार्ड आलं म्हून मी पाक धार काढायची बंद केली. कवा भरली मला काय ठावं न्हवतं, पर मशीन म्हंतंय म्हंजी भरली आसंल म्हनलं. आता गाय हातच लावू देत न्हाय. चल, बग जरा.”

गाय पाय फाकून उभी होती. कास दगडासारखी टणक, गरम. चार महिन्यांचं वासरू दोराला हिसके देत होतं आणि गाय त्याच्याकडे बघून हंबरत होती. मेघनानं पदर खोचला, गरम पाणी मागितलं आणि फडक्यानं शेकत बसली. डॉक्टर येईपर्यंत दोघींनी मिळून धार काढायला सुरुवात केली होती. पहिल्या दोन झटक्यांत गायीनं लाथ मारून बादली गोठ्याबाहेर घालवली. तिसऱ्यांदा ती उभी राहिली. डॉक्टर तपासून म्हणाले, “आणखी एक दिवस गेला असता तर कासेचा एक सड गेलाच होता.”

द्वारकाबाईंनी गायीच्या पाठीवरून हात फिरवला. “माजंच चुकलं. डोळ्यानं बगत व्हते का गाय काय सांगतीया, आन् कार्डाचं ऐकलं.”

“नाही मावशी, माझं चुकलं,” मेघना म्हणाली. हात पुसून ती जीपमध्ये जाऊन बसली.

दिवसभर तिनं भोंग्यावरून पुकारलं. “पशुपैदास संघाची सूचना. गाय आटवण्याची जी कार्डं आलीत, ती चुकीनं आलीत. ती मानू नका. गायींच्या धारा काढा.” निमगाव झालं, पार भिगवणच्या रस्त्यापर्यंत गावं झाली. संध्याकाळी आवाज बसला, पण मन थोडं शांत झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेणबा लंगडत केंद्रात आले आणि धोतर वर करून त्यांनी नडगी दाखवली. तिच्यावर वांग्याएवढं निळं टेंगूळ होतं.

“मॅडम, आमची गाय खरीच आटलीया. म्हैन्यामागं कार्ड आलं तवाच आटवली. काल तुमी भोंग्यावर सांगितलं का कार्डं खोटी, धारा काढा. म्हून बसलो. ह्ये बगा तिनं काय केलं ते. आता येकदाचं सांगा, काढू का नको?”

मेघनानं डोक्याला हात लावला. सहाशे अकरांतली दीडशे कार्डं मागच्या दोन महिन्यांतलीच होती. त्या गायी खरोखरच आटवायच्या होत्या. तिच्या भोंग्यानं त्यांनाही धारेला बसवलं होतं. तालुक्यात अर्धे लोक दुधातल्या गायी आटवत होते आणि उरलेले आटलेल्या गायींच्या लाथा खात होते.

“नका काढू आबा,” ती म्हणाली. “तुमची गाय शहाणी आहे.”

“त्ये मला कळलं,” गेणबा नडगी चोळत म्हणाले.

तेव्हा तिनं युवराजला फोन केला. तो दुपारच्या एसटीनं आपल्याकडची नक्कल फ्लॉपीत घेऊन आला. ‘मी म्हटलं होतं’ हे वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलेलं दिसत होतं, पण मेघनाचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं आणि खुर्ची ओढली. न पुसलेल्या त्या लॉगमध्ये कुणाला कधी कार्ड गेलं, हे ओळीनं लिहिलेलं होतंच. इंदापूरच्या पक्क्या नोंदींचा आता भरवसा नव्हता, म्हणून कोणती गाय कधी व्यायली ते नकलेतून घेतलं. दोन्ही जुळवून पाच तासांत यादी तयार झाली: चारशे एकसष्ट गायींची धार काढायची आणि दीडशे आटवायच्या.

“पुन्हा कार्डं पाठवू या का?” युवराजनं विचारलं.

दत्तोबांनी मुकाट्यानं शिक्का उचलला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. युवराजनं उठून ते तीनदा ओढून बघितलं.

मेघना घरोघर गेली. पिशवीत यादी, खडूचा डबा आणि एक वही. गोठ्यात शिरायचं, गायीच्या कानातला बिल्ला बघायचा, चूक कबूल करायची आणि गोठ्याच्या खांबावर खडूनं ‘काढा’ नाहीतर ‘आटवा’ असं मोठ्या अक्षरात लिहायचं. सोबत विचारायचं, गेल्या आठवड्यात डॉक्टर आले होते का, गाय भरवली का, कुठल्या वारी? अशानं हरवलेल्या नोंदी एकेक करून वहीत यायला लागल्या. कुणी चहा दिला, कुणी पाणीही विचारलं नाही. एका म्हाताऱ्यानं तिला अर्धा तास उन्हात उभं करून कॉम्प्युटरवर भाषण दिलं. तिनं ते ऐकून घेतलं आणि खांबावर ‘काढा’ लिहून पुढं गेली. बारा दिवस लागले. अठ्ठ्याऐंशीपैकी ब्याऐंशी नोंदी सापडल्या. दूध परत वर आलं. चपलेचा अंगठा तुटला तो तिनं सुतळीनं बांधला होता, तसाच ती बाराव्या दिवशी केंद्रात आली.

आल्या आल्या तिनं मशीनपुढं बसून लॉग पूर्वीसारखा केला. प्रत्येक नोंद आधी डिस्कवर. दर शनिवारी पुसापुशी. फक्त मेमरीची सुधारणा तेवढी ठेवली, त्यामुळं मशीन अगदीच पहिल्यासारखं रखडलं नाही, पण पळतही नव्हतं. आणि लॉग परत वाचताना कार्ड छापायचं नाही, असा बंदोबस्त तिनं प्रोग्रामवाल्यांकडून भांडून करून घेतला. अप्पा बघायला आले. गाय पडद्यावर यायला अर्धा चहा लागला.

“चालंल,” अप्पा म्हणाले. “गाय बी नऊ म्हैनं घेतीच की.” दोरी त्यांनी यावेळी आणलीच नव्हती.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. पण मशीन नीट झालं तरी लोकांचा विश्वास काही लॉगमधून परत वाचता येत नव्हता. कार्डं आता बरोबर जात होती आणि कुणीही ती मानत नव्हतं. तेव्हा मेघनानं ठरवलं, की ज्या घरी पहिल्यांदा विणाऱ्या कालवडीचं, ती कधी विणार याचं कार्ड गेलं, त्या घरी आपण स्वतःही जायचं.

एप्रिलात ती नरसिंहपूरला ठमाबाईंकडे गेली. ठमाबाई एकट्या राहत, देवळाच्या अलीकडे नदीच्या अंगाला त्यांचं घर. एकच कालवड, तीही पहिलटकरीण. कार्ड आठ दिवसांपूर्वीच पोचलं होतं: सोमवारच्या सुमारास विणार, गोठ्यात उसाचं कोरडं पाचट अंथरावं, एकटं सोडू नये. मेघना आदल्या दिवशी रविवारी पोचली, तर कालवड खाली नदीच्या उतारावर मोकळी चरत होती.

“आज्जी, कार्ड मिळालं ना?”

“मिळालं की. चुलीम्होरं ठिवलंय, जाळाया.”

“अहो, ती विणार आहे. घरात आणून बांधा.”

“मशीन म्हंतंय व्हय? मशीननं शेजारनीची दुभती गाय आटवली. माजी कालवड कवा विणार ते मला कालवड सांगंल.”

“आज्जी, मी इथंच बसते. तुम्ही ती आणून बांधेपर्यंत मी हलणार नाही,” मेघना म्हणाली, आणि ओट्यावर खरोखरच मांडी घालून बसली.

ठमाबाईंनी भाकरी थापल्या. मेघना बसून. ठमाबाईंनी भांडी घासली. मेघना बसून. शेवटी कटकट नको म्हणून म्हातारी पुटपुटत उतरली आणि कालवड घेऊन आली. तिला खुंट्याला बांधून पाणी दाखवलं, तर ती पाण्याला तोंड लावेना. शेपूट वर करून गोल फिरायला लागली, मग खाली बसली, परत उठली. ठमाबाईंनी मेघनाकडे बघितलं. दोघींनी एक अक्षर न बोलता पाचट अंथरलं.

तासाभरानं खूर दिसले. पुढचं काही सरकेना. कालवड दमली, मान टाकून पडली. ठमाबाईंनी हाताला तेल लावलं, वासराचे पाय धरले आणि मेघनाला म्हणाल्या, “माज्या कंबरंला धर. ती कळ देईल तवाच वढायचं.” दोघींनी ओढलं. कळ आली, गेली. परत आली, परत ओढलं, आणि तिसऱ्या कळेला काळंपांढरं ओलं वासरू पाचटावर घसरलं, तशा त्या दोघीही मागच्या मागं भिंतीवर आपटल्या. ठमाबाईंनी आधी वासराच्या नाकातला चिकटा पुसला, फुंकर घातली. वासरू शिंकलं.

ते वासरूही कालवडच होतं. आई तिला चाटायला लागली. उतारावर एकटीच व्यायली असती तर दोघींतली एकही हाती लागली नसती, हे सांगायची गरज नव्हती. आठ महिन्यांचा तोरा, बारा दिवसांची पायपीट, सगळं त्या एका शिंकेत भरून निघाल्यासारखं मेघनाला वाटलं. तिनं अगदी हळू आवाजात विचारलं, “मग आज्जी, आता पटलं का कार्ड?”

ठमाबाई उठल्या. चुलीसमोरचं कार्ड त्यांनी आणलं आणि डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचलं.

“हितं सोमवार लिवलाय,” त्या म्हणाल्या. “आज ऐतवार हाय.”

“एका दिवसाचा तर फरक आहे, आज्जी.”

“येकाच का आसंना. चुकलंच न्हवं?”

मेघनानं बादलीत हात बुडवले आणि कोपरापर्यंत धूत म्हणाली, “व्हय आज्जी. चुकलं.”